हाताला आलेली विद्या

गेल्या गणेश चतुर्थीच्या सुटीत माझा एक जुना विद्यार्थी घरी भेटायला आला. काही वर्षांपूर्वी तो कामासाठी दुबईला गेला आणि आता तेथील एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात आठ-दहा माणसांवर देखरेख करतो. हातात खजुराचा डबा होता. वाकून नमस्कार केला आणि चहा घेता घेता म्हणाला, "गुरुजी, ऑफिसात सगळ्यांनी माझे कागद पाहिले. पण स्वयंपाकघरात गेल्यावर कोणी कागद मागितला नाही. मुख्य आचाऱ्याने कांद्याची टोपली पुढे सरकवली आणि म्हणाला, चिरून दाखव."

त्याने चिरून दाखवले. ही कला त्याला कोणत्याही शाळेने शिकवली नव्हती. गावात कोणाकडे लग्न असले, केळीच्या पानावर सात भाज्यांचे जेवण असले, की हा मुलगा आदल्या रात्रीपासून मोठ्या पातेल्यांजवळ जाऊन उभा राही. आधी पाणी आणून दिले, मग भोपळा सोलला, मग सुरी हातात आली. बोट कापले, पुन्हा सुरी धरली. दुबईत परक्या माणसांपुढे, परक्या भाषेत त्याला जो धीर आला, तो त्या लग्नाच्या मांडवामागे शिकलेल्या कामाने दिलेला होता.

तो गेल्यावर मी बराच वेळ विचार करीत बसलो. आपण पालक आणि शिक्षक मुलांना नेहमी सांगतो, "आत्मविश्वास ठेव." जणू आत्मविश्वास ही कपाटात ठेवलेली वस्तू आहे आणि मुलाने ती फक्त काढून अंगावर घालायची आहे! खरे पाहता क्रम उलटा आहे. माणूस आधी काहीतरी करू लागतो, चुकतो, सुधारतो, एक दिवस ते काम त्याला नीट जमते, आणि मग धीर येतो. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, ही म्हण आपण मुलांना पाठ करून देतो, पण किती मुलांना पाण्यात पडू देतो?

आपल्या बेटावरून कितीतरी तरुण-तरुणी आज संयुक्त अरब अमिरातीत कामाला जातात. कोणी हॉटेलात, कोणी विमानात, कोणी दुकानात. म्हणून त्याच देशातली काही उदाहरणे वाचकांपुढे ठेवावीशी वाटतात. तो देशही काही फार जुना नाही. ब्रिटिशांचे संरक्षण संपल्यावर २ डिसेंबर १९७१ रोजी तेथील अमिराती एकत्र आल्या आणि हे राष्ट्र जन्मले. म्हणजे स्वतंत्र मॉरिशसपेक्षा ते तीन वर्षांहून अधिक लहान आहे. तेलापूर्वी तेथील लोक समुद्रात बुडी मारून मोती काढीत असत. १९३० च्या सुमारास जगात मंदी आली, जपानचे कृत्रिम रीतीने वाढवलेले मोती बाजारात आले, आणि त्या किनाऱ्याचा पिढीजात धंदा बुडाला. जे येत होते त्याला किंमत उरली नाही, तेव्हा त्यांना नवे काही शिकावेच लागले. बाहेरून आलेल्या माणसांनाही त्या देशात हेच करावे लागले.

त्यांपैकी एक मराठी माणूस म्हणजे धनंजय दातार. आखाती देशांत 'मसाला किंग' म्हणून ते ओळखले जातात. त्यांचे बालपण विदर्भात गरिबीत गेले. वडील भारतीय हवाई दलातून निवृत्त होऊन दुबईला गेले आणि तेथे त्यांनी किराणा मालाचे एक लहानसे दुकान काढले. १९८४ साली तरुण धनंजय त्या दुकानात वडिलांना मदत करायला गेले. परदेशात गेलेला मुलगा खुर्चीवर बसून पैसे मोजतो, अशी आपली समजूत असते. या मुलाच्या वाट्याला आधी झाडू आला. दुकान झाडायचे, फडताळे पुसायची, पोती उचलायची, ही कामे आपण केली, असे दातार यांनी स्वतः अनेकदा सांगितले आहे, आणि ते सांगताना त्यांना कधी लाज वाटलेली दिसत नाही.

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. पोती उचलणारा मुलगा काय शिकतो? कोणत्या पोत्यातली डाळ लवकर संपते आणि कोणती तशीच पडून राहते, हे त्याच्या पाठीला कळते. झाडू मारणाऱ्याला कळते की कोणत्या फडताळापुढे गिऱ्हाइकांची गर्दी होते. दुकानात येणारा माणूस काय मागतो आणि काय न मिळाल्यामुळे रिकाम्या हाताने परत जातो, हे रोज पाहणाऱ्याला बाजाराचा अभ्यास वेगळा करावा लागत नाही. दुबईत राहणाऱ्या भारतीयांना घरच्यासारखे पीठ, मसाले, लोणची, पापड हवे होते. ही गरज दातारांनी ओळखली. 'अल अदिल' हे दुकानाचे नाव पुढे अनेक दुकानांवर लागले आणि 'पीकॉक' या छापाचे त्यांचे मसाले आखाती देशांत घरोघरी जाऊ लागले.

परंतु ही गोष्ट सरळ चढत गेलेली नाही. सुरुवातीला दुकान तोट्यात गेले, देणेकऱ्यांचे पैसे द्यायला काही उरले नाही, तेव्हा आईने आपले दागिने मोडले, हेही दातार यांनी सांगितले आहे. आपण अशा माणसाला 'स्वतःच्या पायावर उभा राहिलेला' म्हणतो आणि ते योग्यच आहे. पण त्या पायांखाली कोणाचे तरी सोने पुरलेले असते, हे विसरू नये.

हे वाचून मराठी माणसाला दुसरे एक घर आठवल्याशिवाय राहणार नाही. ते दादासाहेब फाळके यांचे. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेले फाळके चित्रकला शिकले होते, छायाचित्रे काढीत होते, छपाईचे काम जाणत होते. पण चलच्चित्र कसे तयार करावे हे शिकवणारी शाळा त्या काळी हिंदुस्थानात कोठेच नव्हती. मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट त्यांनी पाहिला आणि त्यांना ध्यास लागला. ते रात्रीमागून रात्री चित्रपट पाहू लागले, पुस्तके मागवून वाचू लागले. डोळ्यांवर एवढा ताण पडला की काही काळ दिसेनासे झाले. १९१२ साली ते लंडनला गेले, तेथील स्टुडिओत काम कसे चालते ते पाहिले आणि यंत्र घेऊन परत आले.

परत आल्यावर त्यांनी एकदम मोठा चित्रपट काढला नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. कोंब फुटून वेल वर चढेपर्यंत ते त्याची थोडी थोडी चित्रे घेत राहिले. मग ती पट्टी यंत्रावर फिरवली, तेव्हा अनेक दिवसांची वाढ क्षणभरात डोळ्यांपुढे झाली. ही लहानशी फिल्म पाहून पैसे देणाऱ्याचा विश्वास बसला. माझ्या मते त्याच्याही आधी खुद्द फाळक्यांचा स्वतःवर विश्वास बसला असेल. आणि घरात सरस्वतीबाई होत्या. त्यांनी आपले दागिने दिले, आणि घरचे काम आटोपून रात्री फिल्मच्या पट्टीला छिद्रे पाडण्याचे कामही त्या शिकल्या. ३ मे १९१३ रोजी मुंबईत 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. भारतातील चित्रपटाचा धंदा एका वाटाण्याच्या वेलावर आणि एका गृहिणीच्या दागिन्यांवर उभा राहिला, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

पुन्हा दुबईकडे वळू. छंदाविषयी आपल्या समाजात एक जुनी तक्रार आहे, की त्याने पोट भरत नाही. नूर अली राशिद यांच्या घरच्यांनाही तसेच वाटत होते. बलुचिस्तानच्या किनाऱ्यावरच्या ग्वादरला जन्मलेल्या या तरुणाला कॅमेऱ्याचे वेड होते. छायाचित्रणाची कोणतीही पदवी जवळ नव्हती. मुलाने कॅमेरा सोडून व्यापारात लक्ष घालावे अशी वडिलांची इच्छा होती. १९५८ साली ते दुबईला आले आणि कॅमेरा बरोबर आलाच. तेव्हाची दुबई म्हणजे खाडीच्या काठावरचे लहान गाव. तेथील माणसे, बोटी, बाजार आणि पुढे राज्यकर्ते यांची छायाचित्रे ते काढीत राहिले, आणि राजघराण्यांचे छायाचित्रकार म्हणून त्यांची ख्याती झाली. २०१० साली ते वारले, तेव्हा एका देशाचा घडत जाण्याचा इतिहास त्यांच्या चित्रांत जमा झालेला होता. ज्या गोष्टीपासून मुलाला दूर न्यायचे होते, त्याच गोष्टीने त्याला जागा मिळवून दिली.

सर्वांचा छंद पोटाचा धंदा होईल असे मात्र नाही, आणि तसे झालेच पाहिजे असेही नाही. यासाठी तिसरे उदाहरण वसईच्या स्वप्नील पाटील यांचे घेतो. आपल्या बेटावर मुले फुटबॉलवर वाढतात, क्रिकेट थोड्यांनाच कळते, म्हणून सोप्या शब्दांत सांगतो. पाटील दुबईत नोकरी करीत होते आणि अमिरातीच्या संघातून यष्टिरक्षक व फलंदाज म्हणून खेळत होते. त्या काळात त्या संघातील बहुतेक खेळाडू असेच नोकरदार होते. दिवसभर काम आणि संध्याकाळी सराव. २०१५ च्या विश्वचषकात त्यांचे कप्तान मोहम्मद तौकीर हे बँकेत नोकरी करणारे, चाळिशी ओलांडलेले गृहस्थ होते.

१ फेब्रुवारी २०१४ रोजी न्यूझीलंडमधील लिंकन येथे स्कॉटलंडविरुद्ध पात्रता स्पर्धेचा अंतिम सामना होता. पाटील ९९ धावांवर नाबाद राहिले. शंभराला एक धाव कमी पडली आणि सामनाही हातून गेला. पुढच्या वर्षी विश्वचषकात अमिरातीचा संघ सहाच्या सहा सामने हरला. त्यांतल्या पाचव्या सामन्यात, १२ मार्च २०१५ रोजी वेलिंग्टनला, दक्षिण आफ्रिकेच्या जगप्रसिद्ध गोलंदाजांपुढे हा वसईचा माणूस ५७ धावा काढून नाबाद राहिला. संघ १४६ धावांनी हरला.

कोणी म्हणेल, गुरुजी, हरलेल्यांचे उदाहरण कशाला देता? मला तेच द्यायचे आहे. आत्मविश्वास म्हणजे जिंकण्याची खात्री, असे आपण मुलांना नकळत शिकवतो. मग पहिल्या पराभवात तो फुटतो. जो माणूस चार सामने हरल्यावर पाचव्याला तितक्याच नेटाने उभा राहतो, त्याचा विश्वास फलकावर अवलंबून नसतो. आवडीने केलेल्या कामाचा हाच मोठा लाभ आहे. त्यात हरले तरी ते काम आपले राहते, सोडावेसे वाटत नाही, आणि न सोडल्यामुळे हात सुधारत जातो.

या सर्व गोष्टींवरून कोणी असा अर्थ काढू नये, की शाळेची गरज नाही. तो अर्थ चुकीचा होईल, आणि शिक्षक म्हणून मी तो काढू देणार नाही. फाळके चित्रकला शाळेत शिकले होते, म्हणून त्यांना पुढचे स्वतः शिकता आले. माझ्या विद्यार्थ्याला विमानात बसवले ते कागदांनीच. काही विद्या अशा आहेत की त्या घरी पाहून शिकू नयेत. विजेचे काम, औषधोपचार, बांधकाम यांत चुकीची किंमत दुसऱ्याला द्यावी लागते. तेथे रीतसर शिक्षण आणि परवाना हवाच. कागद दार उघडतो, हे खरे आहे. पण आत गेल्यावर माणसाला टिकवतो तो हात. दोन्ही हवेत, आणि आपण आजवर एकाचीच काळजी वाहिली, एवढेच माझे म्हणणे आहे.

स्वतः शिकणे म्हणजे एकट्याने शिकणे, हाही एक गैरसमज आहे. वर सांगितलेल्या कोणाकडेही पाहा. आधी त्यांनी कोणाचे तरी काम मन लावून पाहिले. मग लहान प्रमाणात स्वतः करून पाहिले. मग ते दुसऱ्यापुढे ठेवले, म्हणजे गिऱ्हाइकापुढे, पैसे देणाऱ्यापुढे, प्रेक्षकांपुढे, आणि चूक कळल्यावर पुन्हा केले. पाहणे, करणे, दाखवणे, सुधारणे, हा त्यांचा वर्ग होता. यातले 'दाखवणे' आपली मुले टाळतात, कारण हसे होण्याची भीती वाटते. ती भीती त्यांना जन्मतः नसते. आपण घालतो.

आता आपल्या घराकडे पाहू. पहाटे उठून मुलगा शाळेला जातो, संध्याकाळी ट्यूशन, शनिवारी ट्यूशन. सी. पी. ई. ची परीक्षा २०१६ साली शेवटची झाली आणि तिची जागा नव्या पद्धतीने घेतली, पण घरातली धास्ती काही गेली नाही. ट्यूशनसाठी आई-वडील पोटाला चिमटा घेऊन पैसे भरतात. त्याच घरात मुलीने हार्मोनियम मागितला, किंवा मुलाने लाकूड कोरण्याची हत्यारे मागितली, तर उत्तर मिळते, "आधी परीक्षा होऊ दे." परीक्षा एकामागून एक येतच राहतात आणि ते 'आधी' कधी संपत नाही.

आपल्या पूर्वजांची गोष्ट वेगळी होती. एकोणिसाव्या शतकात कोकणातून या बेटावर उसाच्या मळ्यात आलेल्या त्या माणसांजवळ कोणते प्रमाणपत्र होते? त्यांनी भजने आणली ती कंठात, झाकरीचा नाच आणला तो पायांत, मृदंगाचा ठेका आणला तो बोटांत. बैठकीत कंदिलाच्या उजेडात एकाने म्हटले, दुसऱ्याने ऐकले. आज शाळेत मराठी शिकवली जाते, मोक्याच्या महात्मा गांधी संस्थेत पुढचे शिक्षण मिळते, ही मोठी मिळकत आहे. पण ज्या पिढ्यांनी भाषा आणि गाणे येथवर आणून पोचवले, त्यांतील कितीतरी जण आपल्या आपणच शिकलेले होते. त्यांना मळ्यात मान मिळत नव्हता. संध्याकाळी झांजा हातात घेतल्या की मात्र त्यांची मान वर होत असे. त्यांचा आत्मविश्वास तेथे होता.

आणि आता माझी स्वतःची चूक कबूल करतो. ज्या विद्यार्थ्याच्या भेटीने हा लेख सुरू केला, तो माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसत असे. वाचायला उभा केला की गप्प. मी त्याच्या वहीवर लाल शाईने 'लक्ष नाही' असे अनेकदा लिहिले. प्रशिक्षणाच्या काळात आम्हांला शिकवले होते, की मुलाला जे येते तेथून सुरुवात करावी आणि जे येत नाही तेथवर न्यावे. परीक्षेत मी ते छान लिहिलेही होते. पण या मुलाला काय येते, हे मी कधी विचारलेच नाही. एकदा शाळेच्या कार्यक्रमासाठी मोदक करायचे होते. त्याने भराभर पारी वळून कळ्या पाडल्या, आणि इतर मुले त्याच्याकडून शिकू लागली. दुसऱ्या आठवड्यात मी त्याला मोदकाची कृती फळ्यावर लिहायला सांगितले. शुद्धलेखनाच्या चुका होत्या, पण त्याने लिहिली आणि मोठ्याने वाचली. त्या दिवसापर्यंत माझ्या हातून किती मुले तशीच पुढे निघून गेली असतील, ते मोजण्याचे धैर्य मला नाही.

एकलव्याची गोष्ट आपण मुलांना गुरुभक्तीसाठी सांगतो. त्या गोष्टीत शिक्षकांसाठीही एक धडा आहे. रानात एकट्याने शिकून आलेल्या मुलाचा अंगठा गुरूने मागितला. आम्ही अंगठा मागत नाही, पण "हे कोणी सांगितले होते करायला?" असे विचारून तेच करतो.

म्हणून पालकांना माझी नम्र विनंती आहे. आठवड्यातील एक संध्याकाळ ट्यूशनमधून सोडवा आणि ती मुलाच्या आवडीला द्या. शिवणकाम असो, ढोलक असो, बागकाम असो, स्वयंपाक असो. मुलगा असो वा मुलगी, त्याला हत्यार हातात धरू द्या आणि पहिले काही महिने निकाल विचारू नका. आपल्या मंडळांनीही गणपतीच्या कार्यक्रमात भाषणे थोडी कमी करून मुलांनी स्वतः शिकलेले, स्वतः बनवलेले काही मांडण्यासाठी एक कोपरा राखून ठेवावा. त्याला बक्षीस नसले तरी चालेल, थांबून पाहणारी आणि "हे कसे केलेस?" असे विचारणारी दोन वडीलधारी माणसे मात्र हवीत. शिक्षकबंधू-भगिनींनी प्रत्येक मुलाच्या नावापुढे एक ओळ लिहून ठेवावी, की याला न शिकवता काय येते. मी ती वही दोन वर्षांपूर्वी सुरू केली. काही नावांपुढची जागा अजून कोरी आहे. दोष त्या मुलांचा नाही, मला अजून दिसलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

दुबईला परत जाण्याच्या आदल्या दिवशी तो विद्यार्थी पुन्हा आला. आमच्या स्वयंपाकघरात जाऊन त्याने माझ्या धाकट्या मुलीच्या हातात सुरी दिली आणि बोटे कशी दुमडून धरायची ते दाखवले. मी "जपून" म्हणायला तोंड उघडले होते. त्याने माझ्याकडे पाहिले, आणि मी गप्प बसलो.